दातवणाचा आळ

रविवार, २४ एप्रिल १९२७

काडीखाराची, म्हणजे चांदीच्या खाराची, बाटली मुंबईहून आली. दुकानदाराने साडेतीन रुपये लावले आहेत, पण खरी किंमत निराळी. बोटीचे भाडे पाच आणे, बोटीतून धक्क्यावर उतरवणाऱ्या पडाववाल्याला दोन, हमालाला एक. बूच काढताना एक थेंब नव्या धोतरावर उडाला आणि दुपारपर्यंत तिथे शेंगदाण्याएवढा काळा डाग. धोतर गेले, म्हणजे आणखी दोन रुपये. एकूण सहा. माझ्या बायकोने, गोदाने, धोतरापायी दिवसभर अबोला धरला, तो वेगळा.

हे औषध मी फोर्टातल्या दाताच्या साहेबाकडे पाहिले. त्याच्याकडे तस्ते धुवायला लागलो तेव्हा मला अक्षर येत नव्हते. बापूस बोटीवर खलाशी, मला कोण शिकवणार? साहेबाच्या बाटल्यांवरची नावे गिरवीत शिकलो, आणि रोज वही लिहायची खोडही त्याचीच घेतली. कोणाची दाढ आंबत असेल, थंड पाण्याने सणक जात असेल, तर साहेब काडीखाराचे पाणी लावी आणि वरून लवंगेचे तेल. दाढ शांत होई, पण कोळशासारखी काळी. म्हणून पुढच्या दातांना तो कधीच लावीत नसे.

मी लवंगेचे तेल वगळले. गेल्या पावसाळ्यात गिऱ्हाइकांच्या दाढांना लावून पाहिले, एकही काळी पडली नाही. कापडावर डाग पडतो, माझ्या बोटांवर पडतो (विचारणाऱ्याला मी शाई म्हणून सांगतो), पण दातावर पडत नाही. साहेबाला जे उभ्या जन्मात सुचले नाही ते रत्नागिरीच्या बाजारात लवू भाटकराला सुचले.

एवढे लिहूनही छातीत धाकधूक आहेच. माझ्याजवळ डिप्लोमा नाही. इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरचा टांगा रस्त्याने आला की घोड्याच्या नालांवरून मला तो ओळखू येतो, आणि तो पुढे जाईपर्यंत मी हातातला चिमटा खाली ठेवतो.

गुरुवार, ५ मे

आज दोन बायका आल्या. त्या पायरी चढायच्या आधीच मला कळले की दुखणे धाकटीचे. दातांतून वारा आत ओढला की ‘स्स’ होते ना, तो आवाज मी मासळीबाजाराच्या कालव्यातही ओळखतो. माझ्या धंद्याची ती घंटा आहे.

मोठी ती मिऱ्यावरची आवडाबाई. तिचा थोरला मुलगा तांडेल होता, तीन वर्षांपूर्वी मचव्यासकट वेंगुर्ल्याच्या पुढे बुडाला. धाकटी त्याची बायको, यमुनाबाई. तिला सुंदरा म्हणून पाच वर्षांची पोर आहे. मचवा आता धाकटा दीर आनंदा चालवतो.

“दोन आठवडे आमसुलांसाठी रातांबे फोडतेय,” आवडाबाई म्हणाली. “तोंडात टाकल्याबिगर हिचा हात चालत नाय. आता दात आंबले म्हणून रडते.”

“रडत नाय वो भावजी, हसते,” यमुनाबाई म्हणाली. “हसले की वारा लागतो, वारा लागला की सणक.”

“मग हसू नको. हसायला काय झालंय तुला?”

वरचे पुढचे सहा दात हिरडीपाशी झिजलेले. पुढच्या दातांना मी हे औषध आजवर लावले नव्हते, हात जरासा आखडला. आवडाबाईने तो बरोबर पाहिला. म्हातारीची नजर माझ्या कानाइतकी तिखट आहे.

“डाग पडायचा नाय ना रे, लवू? नवरा नसलेली बाई हाय. लोक बघत असतात.”

दुकानाच्या पाटीखाली मी मुद्दाम लिहून घेतले आहे: आधी चालकाचे दात पाहा, मग बसा. तिला वाचता येत नाही, म्हणून तोंडच उघडून दाखवले. “मोजून घ्या, काकी. बत्तीसच्या बत्तीस. एकाला कीड नाय, एक आंबत नाय. हे औषध करणाऱ्याचे दात हायत. डाग पडला तर बत्तीसही उपटून तुमच्या ओंजळीत घालतो!”

म्हातारी हसली. मी सहाही दातांना औषध लावले. यमुनाबाईने तिथेच माठातले पाणी पिऊन पाहिले, पुन्हा भांडे भरून प्याली, आणि दात दाखवून अशी हसली की सासूने तिला कोपराने ढोसले. जाताना सुंदराने मला एक पिकला रातांबा दिला. मी तो घरी नेऊन गोदाला दिला.

गुरुवार, १२ मे



माझ्या आणि रामा न्हाव्याच्या दुकानात एकच फळ्यांची भिंत आहे. पलीकडचा वस्तरा कोणत्या गालावर आहे तेसुद्धा मी सांगेन. सकाळी दोघेजण बसले होते.

“मिऱ्यावरची तांडेलाची विधवा बघितलीस? दात काळे कुळकुळीत.”

“मशेरी लावीत असेल.”

“माझी आवस जन्मभर मशेरी लावते. ती मातकट दिसते. हे करवंदासारखे. दातवण हाय ते, दातवण!”

रामाची कात्री थांबली. “नवरा जाऊन तीन वर्षं झाली रे तिचा.”

“मग कोणासाठी लावलं, ता तिला विचार.”

माझी दातखीळ बसली. दातवण हा सवाष्णीचा शृंगार. आता पोरीबाळी लावीत नाहीत, पण जुन्या बायका अजून हौसेने दात काळे करतात. नवरा गेला की कुंकवाबरोबर दातवणही सुटते. विधवेने दातवण लावले म्हणजे तिने कोणीतरी धरला, असाच अर्थ घेतात.

दुकानाची फळी लावून घेतली. उपटलेले दात मी बरणीत ठेवतो, त्यांतला मुळाशी झिजलेला एक काढला, औषध लावले आणि खिडकीत उन्हात ठेवला. आधी काही नाही. मग पिवळट, मग तपकिरी. दुपारी करवंद.

पावसाळ्यात मी परीक्षा घेतली. पावसाळ्यात! जेव्हा चार चार दिवस सूर्य दिसत नाही, आणि दाढा तर गालाआड, अंधारातच. ही बाई दिवसभर अंगणात उन्हात बसून आमसुले वाळवते आणि हसते. बाटली मुंबईहून काळ्या कागदात गुंडाळून येते. साहेब ती कपाटाबाहेर ठेवू देत नसे. एवढी वर्षे तो कागद सोडवतो आहे, का गुंडाळतात ते एकदाही विचारले नाही.

शुक्रवार, १३ मे

सांगावे तर धंदा गेला. शहाणा म्हणून नाव आहे ते गेले. इस्पितळापर्यंत बातमी जाईल, मग डिप्लोमा कुठे आहे ते विचारतील. न सांगावे तर काय होईल? चार दिवस बोलतील, मग आंब्याच्या पेट्यांच्या घाईत विसरतील. लोक विसरतातच.

हे वाक्य सकाळपासून मनात चार वेळा म्हटले. प्रत्येक वेळी आधीपेक्षा खोटे वाटले.

दुकानात आज तीन गिऱ्हाइके आली, तिघांनाही नुसते लवंगेचे तेल लावून पाठवले. बाटलीला हात लावायची हिंमत होईना.

गोदाने ताटात सोलकढी वाढली, ती नेहमीप्रमाणे चुलीच्या वैलावर जरा कोमट केलेली. मला पहिल्यापासून थंड चालत नाही, घसा धरतो. ती म्हणाली, “आज घास चावत का नाय? नुसता डावीकडे घोळवताय.” म्हटले, भूक नाही.

सोमवार, १६ मे

यमुनाबाई आली. पदर तोंडावर, सुंदरा हाताशी. रामाच्या दुकानातले बोलणे बंद पडले, ते मला ऐकू आले. बोलणे बंद पडते त्याचाही एक आवाज असतो.

“भावजी, हे काढा.”

खडूची पूड, कोळसा, मीठ, लिंबू सगळे करून पाहिले. हिरडीतून रक्त आले, काळा हलला नाही. ती रडली नाही. बरणीतल्या दातांकडे पाहत राहिली.

“दात आंबत नायत आता,” ती म्हणाली. “थंड पाणी खुशाल पिते. औषध चांगलं हाय तुमचं.”

मी लिंबाची फोड खाली ठेवली.

“रविवारी देवळात वाडीची बैठक हाय. सासू म्हणते माहेरी जा. बैठकीनंतरच्या बुधवारी शेवटच्या बोटीने मला दाभोळला उतरवणार, तिथून बुरोंडीला. एकदा बोटी बंद झाल्या की चार महिने कोण येतंय नि जातंय. आणि हिला,” तिने सुंदराच्या डोक्यावर हात ठेवला, “हिला ठेवून घेणार. त्यांच्या मुलाचं रक्त, ते कशाला देतील?”

“तुम्ही सांगितलं नाय औषधाचं?”

“सांगितलं ना! पहिल्याच दिवशी. सासू म्हणाली, लवू छातीठोक बोलला होता डाग पडत नाय म्हणून. माझ्यासमोर बोलला.” तिने पदर नीट केला. “भावजी, तुम्ही एकदा येऊन सांगा. एवढंच.”

मी “बघतो” म्हणालो. मी ‘बघतो’ म्हणालो! बापूस म्हणायचा, बघतो म्हणणारा खलाशी दोर सोडतो.

सुंदराने जाताना विचारले, “काका, माझ्या आयेला काळे दात चांगले दिसतात ना?”

मंगळवार, १७ मे

अर्धेमुर्धे धैर्य गोळा करून आनंदाकडे गेलो. पावसाळ्याआधी मचवे ओढून ठेवतात, तो किनाऱ्यावर मचव्याला डांबर लावीत होता. वाटेत सगळे भाषण पाठ केले होते. तोंड उघडल्यावर भलतेच निघाले.

“आनंदा, हे वहिनींच्या दातांचं... रातांब्याचा चीक पण कधी कधी काळा पडतो म्हणतात.”

त्याने कुंचला थांबवला नाही. “रातांब्याचा?”

“म्हणजे... म्हणतात.”

“माझी आवस साठ वर्षं रातांबे फोडते. तिचे झाले काय काळे?” मग कुंचला बादलीत ठेवून तो माझ्याकडे वळला. “लवू, तू आमच्या थोरल्याबरोबर खेळलेला. म्हणून तोंडावर सांगतो. वाडीत तुझंच नाव घेतायत.”

“माझं?”

“दुकानात फळी लावून तासभर कोणाचे दात बघत होतास? परवा पुन्हा गेली ती तुझ्याकडे. काल पण. आणि आज तू तिची वकिली करायला आलास, रातांबे घेऊन.”

फळी मी गुरुवारी लावली होती, तेव्हा ती तिथे नव्हतीही. परवा ती आलीच नाही, काल आली तेव्हा दार उघडे होते. पण हे मी त्याला सांगितले नाही, कारण माझे पाय चालू लागले होते. घरी येईपर्यंत मागे कोणी येत आहे का ते ऐकत होतो. कोणी येत नव्हते. येत असते तर बरे, निदान माणूस दिसला असता.

आता खरे सांगितले तरी उपयोग काय? परवा सांगितले असते तर साक्ष होती. आता ती यार म्हणून ठरवलेल्या माणसाची थाप होईल. जो जो दिवस गप्प राहिलो तो तो माझा शब्द स्वस्त झाला.

गुरुवार, १९ मे

सकाळी दुकान उघडायला गेलो तर पाटीवर रंगवलेल्या दातांना कोणी डांबर फासलेले. वरची सगळी पंगत काळी. कोणी केले समजत नाही. डांबर ताजे होते, बोटाला लागले. बाजार हसत होता, पण कोणी मोठ्याने नाही. मोठ्याने हसले असते तर मीही हसलो असतो.

पाटी उतरवून घरी आणली. गोदाने ती पाहिली, हात पुसले, आणि दाराची कडी घातली.

“आता खरं सांगा. मी विहिरीवर सगळं ऐकून आलेय, पण तुमच्या तोंडून ऐकायचंय.”

सांगितले. लवंगेचे तेल, पावसाळा, काळा कागद, खिडकीतला दात. ती ऐकत होती आणि मी तिचा श्वास ऐकत होतो. शेवटी तो मोकळा झाला.

“एवढंच?”

“एवढंच कसं? धंदा बुडेल, गोदा.”

“बुडू दे. खलाशाचं पोर तुम्ही, पोहता येतं तुम्हाला. त्या बाईला येत नाय.” मग म्हणाली, “आणि माझ्या नवऱ्याचं नाव कोणाबरोबर घ्यायचं ते मिऱ्यावाल्यांनी नाय ठरवायचं. रविवारी मी पण येणार.”

मला धीर यायला हवा होता. आला नाही. भीती मगाचचीच आहे, फक्त आता ती दोघांत वाटली गेली.

रविवार, २२ मे

हे मिऱ्यावरच्या देवळातच लिहितो आहे. मला येथून उठायची परवानगी नाही. गोदाने वही, पेन्सिल आणि कोमट पेज आणून दिली.

बैठकीला वाडीचे मुख्य आप्पा गावकर मध्ये, पुरुष डावीकडे, बायका खांबांपलीकडे. मी उभा राहिलो आणि एका दमात बोललो. “यमुनाबाईंनी दातवण लावलेलं नाय. माझ्या औषधाने दात काळे झाले. उन्हात काळे होतात. मला ठाऊक नव्हतं, पण मी छाती ठोकून सांगितलं. चूक माझी.”

“मंगळवारी तर रातांब्याचा चीक होता,” आनंदा म्हणाला. दोघेतिघे हसले.

“खोटं बोललो.”

“मग आज खरं कशावरून?”

बरणीतला काळा दात काढून आप्पांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला. “जित्याचा की उपटलेला?”

“उपटलेला.”

“म्हणजे हाड. हाड चुलीत घातलं तरी काळं होतं. बाईच्या तोंडातला दात जिता हाय. तुझ्या तोंडातला दाखव काळा करून, सगळ्यांदेखत.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी दात दाखवून केले. पण त्या घडीला मला आनंदच झाला. किती सोपे! सगळ्यांसमोर पुढच्या सहा दातांना औषध लावले आणि अंगणात उन्हात तोंड वासून बसलो. दोन बोटांनी ओठ वर धरलेला. पोरे भोवती जमली. एकाने विचारले, “काका, माशी गेली तर?” डोक्यावर ऊन, तोंडात धातूची चव, हिरडी चरचरते आहे.

बऱ्याच वेळाने आप्पा आले, हनुवटी धरून तोंड वर केले.

“पांढरे,” ते म्हणाले.

आणखी थांबलो. पुन्हा पाहिले. पांढरे. जिभेचा शेंडा काळा, ओठ काळा, दात पांढरे शुभ्र. आवडाबाई स्वतः आली. तिने पदराने माझा दात पुसला आणि सगळ्यांकडे वळून म्हणाली, “ओठाला डाग, बोटाला डाग, दाताला नाय. हा त्या दिवशी दुकानात बोलला तेच खरं होतं. आज खोटं बोलतोय, आणि कोणासाठी ता आता कळलं.”

आनंदा उभा राहिला. मी इतका कधीच भ्यालो नव्हतो. स्वतःसाठी नव्हे, म्हणजे स्वतःसाठीही, पण खांबाआडून यमुनाबाईचा श्वास येत होता तो थांबलेला मला ऐकू आला. मी तिला वाचवायला आलो आणि तिच्या गळ्यात दगड बांधला. का पांढरे राहिले? तेच औषध, तीच बाटली, तेच ऊन!

बैठकीत बायका बोलत नाहीत. गोदा बोलली. “आप्पानू, मी एक विचारू? यमुनावैनी, तुमचे दात औषधाआधी आंबत होते ना?”

“होते,” खांबाआडून.

“काळे झाले ते आंबत होते तेच?”

“तेच सहा.”

“मग ह्यांच्या पुढच्या दातांना लावून काय होणार? ते आंबत नायत. जे आंबतात त्यांना लावा.”

“माझा एकही दात आंबत नाय,” मी म्हणालो. तोंडातून निघूनच गेले. सवय.

“नाय? मग सोलकढी कोमट का लागते? रातांबा माझ्या हातात का येतो? पंधरा वर्षं डाव्या बाजूने जेवता, उजव्या बाजूला काय देव बसवलाय?”

अंगण हसले. आवडाबाईसुद्धा हसली असावी, निदान तिची बांगडी वाजली. मी गोदाकडे पाहत राहिलो. घसा म्हणायचो मी त्याला. खरेच घसा वाटायचा.

आप्पा म्हणाले, “लावा.” गोदाने स्वतः काडीला कापूस गुंडाळला आणि एकूण एक दाताच्या मुळाशी औषध फिरवले. उजवीकडे पोचली तेव्हा मी ‘स्स’ केले. तो आवाज अंगणात सर्वांनी ऐकला.

पण ऊन कलले होते. आप्पांनी ठरवले की परवा सकाळी पाहायचे, तोवर मला देवळातून हलू द्यायचे नाही, नाहीतर मी घरी जाऊन दातवण फासून येईन. पहाऱ्याला आनंदा बसला आहे. मगाशी पाण्याचा तांब्या पुढे केला. नखांत डांबर होते. मचव्यांचा हंगाम आहे, असणारच.

सोमवार, २३ मे

सकाळपासून ढग. समुद्रावरून एकावर एक येत आहेत. आमसुले वाळवणाऱ्या बायका टोपल्या आत घेत आहेत. मी पायरीवर तोंड उघडे टाकून आकाशाकडे पाहत बसलो आहे. येणारे जाणारे नमस्कार कोणाला करतात, देवाला की मला, कळत नाही.

माझ्याजवळ आरसा नाही. जिभेने चाचपून रंग कळत नाही. आनंदाला विचारावे तर तो म्हणेल ते आप्पांसमोरच.

उद्या काही दिसले नाही तर बुधवारी बोट. त्या पोरीला मी काय सांगणार?

आयुष्यभर दुसऱ्यांचे किडके दात पाहून पोट भरले. आज पहिल्यांदा देवाजवळ मागितले की माझे किडलेले असू देत. झिजलेले, पोखरलेले, कसलेही. गुरवाने ऐकले असावे, कारण त्याने घंटा वाजवायची थांबवली.

दुपारनंतर ढग फाटले. ऊन कडक. मी तोंड इतके उघडले की जबडा अवघडला.

मंगळवार, २४ मे

यमुनाबाई कुठे जात नाही.

सकाळी आप्पांनी हनुवटी धरली, तोंडात पाहिले, आणि बाजूला झाले. मग आनंदा. त्याने धोतराच्या सोग्यात मीठ घेऊन माझ्या दाढा घासल्या, इतक्या जोरात की डोळ्यांत पाणी आले. सोगा पांढराच राहिला. तो मागे वळून आईला म्हणाला, “निघत नाय. वैनीसारखंच हाय.”

“मुळाशी?”

“मुळाशीच.”

आवडाबाईने सुनेला खांबाआडून बाहेर बोलावले, सगळ्यांसमोर तिचा पदर बाजूला करून दात पाहिले, मग माझे. बराच वेळ. “दातवण असतं तर सगळे काळे असते,” ती स्वतःशीच म्हणाली. मग सुनेला म्हणाली, “घरी चल. रातांबे कुजतायत.” एवढेच. माफी वगैरे काही नाही. यमुनाबाई हसली. सुंदराने तिच्या लुगड्याचा काठ घट्ट धरला होता तो घरापर्यंत सोडला नसेल.

बाजारात बातमी आमच्या आधी पोचली. दुकानापाशी कोणी नव्हते. रामाने पलीकडून विचारले, “लवू, पाटी परत लावणार काय?” मी म्हणालो, विचार करतो. त्याने हसून सांगितले की इस्पितळाचा कंपौंडर चौकशी करून गेला. अजून भीती गेलेली नाही. टांगा वाजला की कान उभे राहतात. पण दुपारी माठातले पाणी प्यालो, गारेगार, आणि उजव्या बाजूला काहीही झाले नाही.

देवळातून निघताना आवडाबाईने मला थांबवले होते. “बत्तीस म्हणाला होतास ना, लवू?” तिने तोंडात बोट घालून एकेक दात मोजला, मग खात्रीसाठी उलट बाजूने पुन्हा. दात अठ्ठावीस आहेत, त्यांतले अकरा काळे.